‘अँटी-मेज’ : मांत्रिकांचा वैरी, संयमाची कसोटी

लढाई ऐन भरात आली आहे. पाच जणांच्या संघातील चौघे शत्रूला कसेबसे थोपवून धरत आहेत, एकेक बुरूज ढासळतो आहे आणि पाचवा भिडू मात्र रणांगणापासून दूर, रानात श्वापदे मारून सोने गोळा करीत आहे. पाहणाऱ्याला हा उघड पळपुटेपणा वाटेल. प्रत्यक्षात त्या पाचव्याने नेमके हेच करावे, यासाठी उरलेले चौघे झगडत असतात. तो वेळेवर परतला, तर हातातून निसटलेला डाव फिरतो. त्याला उशीर झाला, तर चौघांची मेहनत मातीमोल होते. ‘डोटा २’ या जगभर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन युद्धखेळात अशी जोखीम अंगावर घेणाऱ्या पात्रांमध्ये ‘अँटी-मेज’चे नाव अग्रभागी आहे. मांत्रिकांचा कर्दनकाळ म्हणून ख्याती असलेल्या या मारेकऱ्याची ही ओळख.

खेळाचा आराखडा

‘डोटा २’मध्ये प्रत्येकी पाच खेळाडूंचे दोन संघ एका चौकोनी नकाशावर आमनेसामने येतात. नकाशाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन्ही संघांचे तळ असतात. तळाच्या मध्यभागी ‘एन्शंट’ नावाची वास्तू असते. प्रतिपक्षाची ही वास्तू पाडणे एवढेच विजयाचे लक्ष्य. दोन्ही तळांना जोडणारे तीन मार्ग असून त्यांना ‘लेन’ म्हणतात. या मार्गांवर ठिकठिकाणी संरक्षक बुरूज उभे असतात आणि दर ३० सेकंदांनी दोन्ही तळांतून संगणकनियंत्रित सैनिकांची, म्हणजेच ‘क्रीप’ची, एकेक तुकडी बाहेर पडते. मार्गांच्या मधल्या भागात रान आहे. तेथे कोणत्याही पक्षाची नसलेली श्वापदे राहतात.

प्रत्येक खेळाडू एकाच पात्राचे, म्हणजे ‘हिरो’चे, नियंत्रण करतो. असे सव्वाशेच्या घरात हिरो उपलब्ध असून ते सर्व विनामूल्य आहेत. पैसे मोजून मिळतात ती वेशभूषेसारखी शोभेची साधने. त्यांनी हिरोचे बळ वाढत नाही. शिवाय प्रत्येक डाव शून्यापासून सुरू होतो. काल जिंकलेले सोने आज कामी येत नाही. सैनिक, श्वापदे किंवा प्रतिस्पर्धी हिरो मारून सोने आणि अनुभव मिळवायचा, सोन्यातून शस्त्रे घ्यायची, अनुभवातून पातळी वाढवायची, असे हे चक्र साधारण अर्धा ते पाऊण तास चालते.

या अर्थव्यवस्थेत एक मेख आहे. नकाशावरील सोने मर्यादित असते आणि ते पाच जणांना सारखे वाटले, तर कोणीच पुरेसा बलवान होत नाही. त्यामुळे संघ आपापसांत श्रमविभागणी करतो. ज्याच्या वाट्याला सर्वाधिक सोने सोडले जाते आणि ज्याने शेवटी संघाला विजयापर्यंत वाहून न्यायचे असते, तो ‘कॅरी’. ज्यांनी स्वतः अर्धपोटी राहून त्याला जपायचे, ते ‘सपोर्ट’. अँटी-मेज हा अस्सल कॅरी आहे.

नकाशातून जन्मलेला खेळ

या खेळाचा जन्म कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात झाला नाही. ‘ब्लिझर्ड’ या अमेरिकी कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट ३’ हा खेळ २००२ मध्ये बाजारात आला. त्यासोबत खेळाडूंना स्वतःचे नकाशे रचण्याचे साधनही देण्यात आले होते. ‘यूल’ या टोपणनावाच्या हौशी रचनाकाराने २००३ मध्ये त्यातूनच ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ हा नकाशा तयार केला. त्याच्या नावातील आद्याक्षरे म्हणजे ‘डोटा’. पुढे ‘ग्विन्सू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टीव्ह फीक यांनी ‘डोटा ऑलस्टार्स’ ही आवृत्ती वाढवली आणि २००५ पासून ‘आइसफ्रॉग’ या टोपणनावाच्या रचनाकाराने तिची सूत्रे हाती घेतली.

‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकी कंपनीने आइसफ्रॉग यांना सोबत घेऊन याच खेळाचा स्वतंत्र अवतार घडवला. ऑगस्ट २०११ मध्ये जर्मनीतील कोलोन शहरात ‘द इंटरनॅशनल’ ही त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. युक्रेनच्या ‘नॅटस व्हिन्सेरे’ संघाने ती जिंकून १० लाख डॉलर मिळवले. जुलै २०१३ मध्ये ‘डोटा २’ अधिकृतपणे सर्वांसाठी खुला झाला. पुढे याच स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम २०२१ मध्ये चार कोटी डॉलरच्या वर पोहोचली.

अँटी-मेज हा जुन्या नकाशातील मूळच्या पात्रांपैकी एक आहे. त्या काळी ‘मॅजिना’ या नावाने तो ओळखला जाई आणि ‘वॉरक्राफ्ट’मधील ‘डेमन हंटर’ या योद्ध्याचे रूप त्याला दिलेले होते. शत्रूची मंत्रशक्ती जाळण्याची विद्या त्या योद्ध्याकडेही होती. नव्या खेळात रूप बदलले, कथा बदलली. पण दोन्ही हातांतील वक्र पाती आणि मांत्रिकांशी असलेले हाडवैर कायम राहिले.

मठातला सेवक

खेळातील कथेनुसार डोंगरकड्यावरील तुर्स्तार्कुरी नावाच्या मठात काही साधू ध्यानस्थ राहत. खालच्या प्रदेशावर आक्रमणामागून आक्रमणे होत होती. साधूंनी मात्र त्याची दखल घेतली नाही. अखेर ‘मृत देवते’च्या उपासकांची फौज मठावर चालून आली आणि पंधरवड्यात मठ पडला. ज्या थोड्या साधूंनी डोळे उघडले, त्यांना समोरचे सैनिक हा ध्यानभंग करण्यासाठी आलेला भास वाटला. ते बसल्या जागी मारले गेले. वाचला तो साधूंची सेवा करणारा एक तरुण. आपल्या गुरूंना मारून त्यांनाच त्या देवतेचे पुजारी म्हणून पुन्हा उठवले जाताना त्याने पाहिले. काही पोथ्या घेऊन तो निसटला आणि जगातून मंत्रविद्याच नाहीशी करण्याची त्याने शपथ घेतली.

ही कथा केवळ सजावट नाही. या हिरोचे एकेक कौशल्य याच शपथेतून आल्यासारखे वाटते. २०२० मध्ये या पात्राला ‘वेई’ नावाच्या तरुणीचे पर्यायी रूपही देण्यात आले. कौशल्ये तीच, चेहरा वेगळा.

चार अस्त्रे

‘डोटा २’मध्ये मंत्र टाकण्यासाठी जी शक्ती खर्च होते तिला ‘मॅना’ म्हणतात. सोयीसाठी तिला मंत्रशक्ती म्हणू. मांत्रिक वर्गातील हिरोंकडे तिचा साठा मोठा असतो आणि तोच त्यांचा खरा आधार असतो. अँटी-मेजच्या चार प्रमुख कौशल्यांपैकी दोन थेट या साठ्याभोवती गुंफलेली आहेत.

पहिले, ‘मॅना ब्रेक’. अँटी-मेजच्या प्रत्येक घावासरशी प्रतिस्पर्ध्याची काही मंत्रशक्ती जळते आणि जळालेल्या शक्तीच्या प्रमाणात अधिकची इजाही होते. त्याचे घाव भराभर पडत असल्याने काही सेकंदांतच समोरचा मांत्रिक निःशस्त्र होतो.

दुसरे, ‘ब्लिंक’. क्षणार्धात एका जागेवरून नाहीसे होऊन काही अंतरावर प्रकट होण्याची ही विद्या. सर्वोच्च पातळीवर ती अवघ्या काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा वापरता येते. पाठलाग, पलायन आणि प्रवास या तिन्हींसाठी तिचा उपयोग होतो.

तिसरे, ‘काउंटरस्पेल’. मंत्रांमुळे होणारी इजा ते मुळातच कमी करते. शिवाय अचूक क्षणी ते कार्यान्वित केले, तर अँटी-मेजवर नेम धरून टाकलेला मंत्र टाकणाऱ्यावरच उलटतो. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. मंत्र व्यक्तीवर नेम धरून टाकलेला असेल तरच तो परततो. ‘लीना’ या अग्निमांत्रिकेचा ‘लगूना ब्लेड’ हा वीजप्रहार एकाच व्यक्तीवर नेम धरून होतो, म्हणून तो तिच्यावरच उलटवता येतो. ‘झ्यूस’चा नकाशावरील सर्व शत्रूंवर एकाच वेळी कोसळणारा वज्रपात मात्र कोणा एकावर रोखलेला नसतो, त्यापुढे हे कवच परतीचे काम करीत नाही.

चौथे आणि अंतिम अस्त्र म्हणजे ‘मॅना व्हॉइड’. लक्ष्याच्या साठ्यात जितकी मंत्रशक्ती कमी, तितका आघात मोठा, असे त्याचे गणित आहे. सर्वोच्च पातळीवर कमी असलेल्या प्रत्येक एककामागे १.१ इतकी इजा होते. समजा, एखाद्या मांत्रिकाचा साठा १००० एककांचा आहे आणि त्यातली केवळ १०० शिल्लक आहेत. कमतरता ९०० ची, म्हणजे आघात ९९० चा. बहुतेक हिरोंना जन्मतःच मंत्रांपासून २५ टक्के संरक्षण असते. ते वजा जाता सुमारे ७४० इतकी इजा उरते. एवढी इजा कित्येक मांत्रिकांचा जीव घेण्यास पुरेशी ठरते. विशेष म्हणजे हा आघात लक्ष्याच्या आसपास उभ्या असलेल्या त्याच्या साथीदारांनाही तितकाच बसतो. मंत्रविद्येचा नायनाट करू पाहणाऱ्याचे अंतिम अस्त्रही स्वतः एक मंत्रच असावा आणि ते टाकण्यासाठी त्यालाही मंत्रशक्ती खर्चावी लागावी, हा विरोधाभास खेळाडूंच्या नजरेतून सुटलेला नाही.

खेळाच्या सुधारित आवृत्त्या वारंवार येतात आणि प्रत्येक वेळी आकडे थोडेफार बदलतात. पूर्वी ‘स्पेल शील्ड’ या नावाने केवळ संरक्षण देणारे तिसरे कौशल्य पुढे मंत्र परतवणारे झाले, हा त्यातला मोठा बदल. चौकट मात्र तीच राहिली आहे.

निवड केव्हा करावी

स्पर्धात्मक सामन्यांत दोन्ही संघांचे कर्णधार आळीपाळीने हिरो निवडतात आणि प्रतिपक्षाला नको असलेले हिरो बादही करतात. या टप्प्यावरच अँटी-मेजचे निम्मे यशापयश ठरते. जळण्याजोगा मोठा साठा समोर असला, तरच जाळणाऱ्याला अर्थ. मंत्रशक्तीलाच ढाल करणारी ‘मेडुसा’, मंत्रशक्ती खर्चून विजेच्या गोळ्यासारखा दूरवर झेपावणारा ‘स्टॉर्म स्पिरिट’ यांसारखे हिरो त्याचे हक्काचे भक्ष्य मानले जातात. साठा आटला की एकीची ढाल गळून पडते आणि दुसऱ्याचे पाय थांबतात.

याउलट ‘हस्कर’सारख्या योद्ध्यापुढे तो फारसा प्रभावी ठरत नाही. हस्करचे जळते भाले मंत्रशक्तीवर नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या रक्तावर चालतात. ‘अ‍ॅक्स’ सभोवतालच्या सर्वांना आव्हान देऊन स्वतःवर हल्ला करायला भाग पाडतो आणि ‘फेसलेस व्हॉइड’ एका मोठ्या वर्तुळातील काळच गोठवतो. हे दोन्ही प्रकार एका व्यक्तीवर रोखलेले नसल्याने काउंटरस्पेल त्यांना परतवू शकत नाही आणि जखडलेल्या अवस्थेत ब्लिंकही करता येत नाही. म्हणूनच जाणते संघ अँटी-मेजचे नाव शक्यतो शेवटी पुढे करतात. प्रतिपक्षाचे पत्ते उघड झाल्यावर टाकलेला हा हुकूम असतो. आधीच टाकला, तर त्यावर उतारा शोधायला समोरच्याला वेळ मिळतो.

पहिली दहा मिनिटे

डाव सुरू होतो तेव्हा अँटी-मेज हा मैदानावरील दुबळ्या हिरोंपैकी एक असतो. त्याला जवळ जाऊनच वार करावा लागतो, अंगात रक्त कमी असते आणि हाती शस्त्र नसते. आपल्या तळाच्या बाजूला सुरक्षित असलेल्या मार्गावर एका सपोर्टच्या सोबतीने तो उभा राहतो.

या काळातील एकमेव ध्येय म्हणजे ‘लास्ट हिट’. शत्रूचा सैनिक कोणाच्याही घावाने जखमी होवो, सोने मिळते ते अखेरचा घाव घालणाऱ्यालाच. त्यामुळे सतत वार करीत सुटणारा नवखा खेळाडू रिकाम्या हाती राहतो आणि नेमका क्षण हेरून एकच वार करणारा श्रीमंत होतो. प्रतिपक्षही स्वस्थ बसत नाही. अर्ध्याहून अधिक जखमी झालेल्या स्वतःच्याच सैनिकाला मारून समोरच्याचे सोने बुडवण्याची मुभा नियमांत असून तिला ‘डिनाय’ म्हणतात.

येथे मरण महाग पडते. मेलेल्या हिरोला पुन्हा उभे राहण्यासाठी थांबावे लागते आणि तो वेळ म्हणजे बुडालेले उत्पन्न. म्हणून ब्लिंक हे कौशल्य सुरुवातीला शत्रूवर झेप घेण्यासाठी नव्हे, तर निसटण्यासाठी राखून ठेवावे, हा अँटी-मेज खेळणाऱ्यांचा पहिला धडा असतो. एक हिरो मारण्याच्या मोहात ब्लिंक खर्ची पडते आणि पुढच्याच क्षणी झाडीतून दुसरा शत्रू येतो, ही चूक घडली नाही असा नवखा खेळाडू विरळा.

कुऱ्हाड आणि रान

पुढचा टप्पा ‘बॅटल फ्युरी’ या कुऱ्हाडीचा. तिची किंमत सुमारे चार हजार सोन्याची असून एका वाराने अनेकांना घायाळ करण्याची क्षमता तिच्यात आहे. ती हाती आली की सैनिकांची अख्खी तुकडी किंवा रानातील श्वापदांचा कळप काही घावांत आडवा होतो. रानातील तळांवर दर मिनिटाला नवी श्वापदे येतात. ब्लिंकच्या जोरावर एका तळावरून दुसऱ्या तळावर, रानातून मार्गावर आणि मार्गावरून पुन्हा रानात असे चक्र सुरू होते. यालाच खेळाडू ‘फार्मिंग’ म्हणतात. पिकाची उपमा येथे चपखल बसते. पेरणी आणि कापणी यांच्या दरम्यान घाई करून उपयोग नसतो.

कुऱ्हाडीनंतर बहुधा ‘मॅन्टा स्टाइल’ घेतले जाते. त्यातून हिरोच्या दोन प्रतिमा काही काळासाठी तयार होतात आणि काही प्रमाणात त्याही मंत्रशक्ती जाळतात. या प्रतिमा दूरच्या मार्गांवर पाठवून तेथील सैनिक मारता येतात. शत्रूला जखडून ठेवणारे ‘अ‍ॅबिसल ब्लेड’ त्यापुढचे.

या टप्प्यात अँटी-मेज एक वेगळीच लढाई लढत असतो. शत्रूचे चार-पाच जण नकाशाच्या एका टोकाला जमले, की तो दुसऱ्या टोकाच्या बुरुजावर चालून जातो. शत्रूला माघारी यावे लागते. ते पोहोचेपर्यंत हा ब्लिंक करून पसार झालेला असतो. थेट सामना न देता साथीदारांवरचा दाब कमी करण्याची ही रीत गनिमी काव्याची आठवण करून देणारी आहे.

चौघांची उधारी

आतापर्यंतचे वर्णन केवळ एका खेळाडूचे झाले. प्रत्यक्षात ही पंधरा-वीस मिनिटे उरलेल्या चौघांची असतात. मैदानावर ते व्यवहारात पाचाविरुद्ध चार अशी झुंज देतात. सपोर्ट खेळाडू नकाशावर पहारे बसवतात, शत्रूचा छापा स्वतःच्या अंगावर घेतात आणि अँटी-मेज जेथे सोने गोळा करतो ती जागा रिकामी ठेवतात. खेळाडूंच्या बोलीत याला ‘स्पेस’ देणे म्हणतात. सामना संपल्यावर पडद्यावर उमटणाऱ्या आकड्यांत सपोर्टच्या नावापुढे मृत्यू अधिक आणि बळी कमी दिसतात. त्यातले किती मृत्यू कॅरीसाठी पत्करलेले होते, याचा रकाना तेथे नसतो.

म्हणूनच अँटी-मेजच्या खात्यात जमा होणारे सोने ही एका अर्थाने साथीदारांची उधारी असते. ती कधी फेडायची, हा या हिरोपुढचा खरा प्रश्न आहे. दोन चुका नित्याच्या. पहिली, कुऱ्हाड हाती येताच उत्साहाच्या भरात लढाईत उडी घेणे. दुसरी अधिक फसवी. आणखी एक शस्त्र, मग आणखी एक, असे म्हणत रानातच रमणे. आपल्या खात्यातील आकडा वाढताना दिसतो, त्यामुळे आपण उत्तम खेळत असल्याचा भास होतो. आणि तिकडे आपला तळ पडतो. अनेक सामन्यांत पराभूत संघाचा अँटी-मेज हाच मैदानावरील सर्वांत श्रीमंत हिरो असतो. अनोळखी खेळाडूंच्या सामन्यांत याच कारणावरून सर्वाधिक भांडणे होतात आणि पहिल्या पाच मिनिटांतच साथीदारांना दूषणे देणारा कॅरी आपला डाव स्वतःच्या हाताने संपवतो. त्याला जपण्याची इच्छाच कोणाला उरत नाही.

उडी घेण्याचा क्षण

मग योग्य वेळ कोणती? तिचे घड्याळी उत्तर नाही, पण काही खुणा आहेत. कुऱ्हाड आणि मॅन्टा हाती असणे ही पहिली. शत्रूचे जखडून ठेवणारे मंत्र कोणावर तरी खर्च झालेले असणे ही दुसरी. अँटी-मेजने लढाईला तोंड फोडायचे नसते. आधी साथीदारांनी शत्रूची अस्त्रे अंगावर घ्यायची, मग मागच्या फळीत उभ्या असलेल्या मांत्रिकाच्या पाठीशी याने प्रकट व्हायचे. चार-सहा घावांत त्याचा साठा रिता करायचा आणि मॅना व्हॉइड टाकायचा. त्यातही शत्रू दाटीवाटीने उभे असतील तो क्षण साधायचा, म्हणजे एका मांत्रिकाच्या रितेपणाची किंमत सारा संघ मोजतो.

काही वेळा मात्र हाताशी काहीच पुरेसे नसताना उतरावे लागते. आपला मुख्य तळ पडत असेल किंवा ‘रोशान’ हा बलाढ्य राक्षस मारून शत्रू पुनर्जन्म देणारे ‘एजिस’ मिळवू पाहत असेल, तर ‘अजून एक शस्त्र’ हा हिशेब गैरलागू ठरतो. असे प्रसंग ओळखता येणे हीच सराईताची खूण.

या हिरोच्या संदर्भात चीनच्या शू झिलेई याचे नाव आदराने घेतले जाते. ‘बर्निंग’ या टोपणनावाने खेळणाऱ्या या खेळाडूचा अँटी-मेज हा एका पिढीसाठी वस्तुपाठ ठरला. एकही लास्ट हिट वाया न घालवणारी त्याची काटेकोर शिस्त आणि लढाईत उतरण्याची अचूक वेळ यांचे चाहत्यांना विशेष अप्रूप. २०१४ च्या ‘द इंटरनॅशनल’मध्ये त्याचा ‘डीके’ संघ चौथा आला. जगज्जेतेपद त्याला कधीच लाभले नाही. तरीही अँटी-मेज म्हटले की आजही त्याचे नाव निघते.

भारतातील वाटचाल

भारतात ‘डोटा’ने मूळ धरले ते सायबर कॅफेंमध्ये आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत. २००० च्या दशकात इंटरनेटचा वेग बेताचाच होता. पण वसतिगृहातील संगणक एकमेकांना जोडून दहा जणांचा डाव सहज मांडता येई. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन मुंबई’ ही तीन लाख डॉलर बक्षिसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आणि चीनच्या ‘कीन गेमिंग’ने ती जिंकली. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल ई-क्रीडा स्पर्धेत भारतीय संघाने ‘डोटा २’मध्ये कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत हा खेळ पदकासाठी खेळवण्यात आला.

पालकांच्या मनात ऑनलाइन खेळ आणि पैजेचे खेळ यांची अनेकदा गल्लत होते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने या दोहोंत भेद केला असून, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतानाच ई-क्रीडांना मान्यता दिली आहे. अर्थात मान्यता मिळाली म्हणून वेळेचे भान सुटावे, असे नाही. एकेक डाव पाऊण तास चालणारा हा खेळ अर्ध्यावर सोडला, तर उरलेले चौघे अडचणीत येतात आणि सोडून जाणाऱ्यावर दंडात्मक कारवाईही होते. त्यामुळे हातात पुरेसा वेळ असेल तेव्हाच डाव मांडावा, हे उत्तम. घरातील मुलाला जेवणासाठी हाक मारल्यावर ‘हा डाव संपू दे’ असे उत्तर का येते, याचे एक कारण येथे दडलेले आहे.

मठाचा धडा

अँटी-मेज शिकू पाहणाऱ्याने प्रथम सपोर्ट म्हणून काही डाव खेळावेत, असा सल्ला जाणकार देतात. दुसऱ्यासाठी जागा राखताना काय सोसावे लागते हे कळले, की ती जागा आपल्याला मिळाल्यावर तिचा अपव्यय होत नाही. मग सरावासाठी संगणकनियंत्रित प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध केवळ लास्ट हिटचा अभ्यास करावा, नकाशाच्या छोट्या चित्रावर दर काही सेकंदांनी नजर टाकण्याची सवय लावावी आणि पराभवानंतर डावाचे मुद्रण पुन्हा पाहावे. त्यात आपले घाव मोजण्यापेक्षा साथीदार मरत असताना आपण कोठे होतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

तुर्स्तार्कुरीच्या साधूंना शक्तीची वा ज्ञानाची वाण नव्हती. शत्रू दारात आला तेव्हाही ते ध्यानात मग्न राहिले, एवढीच त्यांची चूक. त्याच मठातून वाचलेल्या सेवकाचा खेळ मांडताना खेळाडूच्या हातून वारंवार होणारी चूकही हीच आहे. रानात बसून साधना करावी लागते, हे खरे. पण डोळे उघडण्याची वेळ त्याला स्वतःलाच ओळखावी लागते. चौघे जण तोपर्यंत दार रोखून उभे असतात.